प्राचीन इजिप्शियन शब्दांचे उच्चार आणि व्युत्पत्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इजिप्तच्या जुन्या शब्दांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात अगदी मुळापासून आहे. अवघड आणि वादाचे मुद्दे शेवटाकडे आहेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला प्रश्नक्रमांक दिला आहे.

लिहिण्याची एक पद्धत आधी सांगतो. नुसती व्यंजनं दाखवायची तिथे ती पाय मोडून लिहिली आहेत, उदाहरणार्थ न्-फ्-र्. खाली टिंब असलेला ‘ख़’ म्हणजे घशातून खरखरत येणारा ख. इजिप्शियन शब्दातला ‘च’ हा ‘चिंच’मधला आहे, ‘चमचा’मधला नव्हे.

१. चित्रलिपीत स्वर लिहिलेच नाहीत, म्हणजे नक्की काय?

समजा, मराठी लिहिताना फक्त व्यंजनं लिहायची असं ठरलं आणि तुम्ही ‘प्-ण्’ एवढंच लिहिलंत. वाचणारा काय वाचेल? पण, पाणी, पुणे, पेण, यातलं काहीही. आता त्याच दोन अक्षरांपुढे पाण्याच्या तीन लाटा काढा, की ते ‘पाणी’ होतं. लाटांऐवजी आत रस्त्यांची फुली असलेलं वर्तुळ काढलंत तर ते गाव आहे एवढं कळतं. पुणे की पेण, हे मागच्यापुढच्या मजकुरावरून ठरवायचं.

इजिप्शियन लिपी अशीच चालते. काही चिन्हं व्यंजन दाखवतात, काही सबंध शब्द दाखवतात आणि काही नुसतीच शब्दाच्या शेवटी बसून अर्थाचा गट सांगतात. या शेवटच्यांना निर्धारक म्हणतात. पाण्याच्या तीन लाटा आणि रस्त्यांचं वर्तुळ ही त्यांचीच खरी चिन्हं आहेत, आणि ती याच कामाला होती.

स्वर न लिहिण्यात त्या लोकांची काही गैरसोय होत नव्हती, कारण भाषा त्यांच्या तोंडात होती. आपणही ‘जरा थांब’ आणि ‘जरा-मरण’ यांतला ‘ज’ एकाच अक्षराने लिहितो आणि दोन वेगळ्या प्रकारे बोलतो; कुठे कोणता ज हे कुणी लिहून ठेवत नाही. मराठी बोलणारं कुणी उरलंच नाही, तर हा फरक शोधणाऱ्याला किती खटपट करावी लागेल याची कल्पना करा. इजिप्शियनच्या बाबतीत ती खटपट प्रत्येक शब्दाच्या प्रत्येक स्वरासाठी करावी लागते.

२. मग ‘नेफरतीती’, ‘हातशेपसुत’ हे उच्चार आले कुठून?

ते अभ्यासकांच्या सोयीचे उच्चार आहेत. दोन व्यंजनांमध्ये ‘ए’ घालायचा. अलिफ आणि ऐन या कंठातल्या दोन व्यंजनांना ‘आ’ म्हणायचं (प्रश्न ८). व् आणि य् यांना गरजेप्रमाणे ऊ आणि ई करायचं. न्-फ्-र् म्हणजे सुंदर, चांगला. त्याचं झालं ‘नेफेर’. वर्गात बसून मोठ्याने वाचता यावं म्हणून हा संकेत रूढ झाला.

नेफरतीतीला कुणी ‘नेफरतीती’ म्हणून हाक मारली असती तर तिने बहुधा वळून पाहिलं नसतं. याच न्-फ्-र् शब्दाने सुरू होणारं नाव म्हणजे नेफरतारी, दुसऱ्या रामसेसची (इ.स.पू. तेरावं शतक) पट्टराणी. तिने हित्ती (आजच्या तुर्कस्तानातल्या एका साम्राज्याच्या) राणी पुदुहेपाला पाठवलेलं कीलाक्षरी, म्हणजे मातीच्या पाटीवर खिळ्यासारख्या खुणांनी लिहिलेलं पत्र सापडलं आहे. कीलाक्षरांत स्वर लिहितात, आणि त्या पत्रात तिचं नाव ‘नप्तेरा’ असं आहे. कीलाक्षरांत ‘फ’ नाही, त्याच्या जागी ‘प’ येतो. म्हणजे ‘नेफ’ नाही, ‘नफ’. संकेताचा उच्चार आणि खरा उच्चार यांतलं अंतर एवढ्या एका नावात दिसतं.

३. स्वरच नव्हते, तर लिपी वाचता आली कशी?

चित्रलिपीतला शेवटचा माहीत असलेला लेख फिले बेटावरच्या देवळात २४ ऑगस्ट ३९४ रोजी कोरला गेला. त्यानंतर ती वाचणारं कुणी राहिलं नाही. १७९९मध्ये रोझेटाचा शिलालेख सापडला. इ.स.पू. १९६चा एकच राजहुकूम त्यावर चित्रलिपी, डेमोटिक (इजिप्शियनचीच नंतरची, भरभर लिहायची लिपी) आणि ग्रीक अशा तीन लिप्यांत आहे. इंग्लंडच्या थॉमस यंगने राजांची नावं ओळखण्यात पहिली पावलं टाकली. २७ सप्टेंबर १८२२च्या पत्रात फ्रान्सच्या शांपोलियनने पुढची उलगड मांडली.

शांपोलियनकडे एक गोष्ट होती जी इतरांकडे त्या प्रमाणात नव्हती. तो कॉप्टिक भाषा लहानपणापासून शिकला होता. एका चौकटीत त्याला सूर्याचं चित्र दिसलं, पुढे एक चिन्ह आणि मग दोनदा स्. कॉप्टिकमध्ये सूर्य म्हणजे ‘रे’ आणि जन्म देणे म्हणजे ‘मीसे’. रे, म्-स्, स्: रामसेस. चित्रलिपीतली भाषा ही कॉप्टिकचीच आजी आहे, हे तिथे पक्कं झालं.

४. कॉप्टिक म्हणजे काय, आणि तिच्यावर एवढी भिस्त का?

कॉप्टिक म्हणजे इजिप्शियन भाषेचाच शेवटचा टप्पा. ख्रिस्ती झालेल्या इजिप्तमध्ये लोकांनी आपली भाषा ग्रीक अक्षरांत लिहायला घेतली. ग्रीकमध्ये नसलेल्या ध्वनींसाठी डेमोटिकमधून सहा-सात अक्षरं उचलली. ग्रीक वर्णमालेत स्वर असतात, त्यामुळे तीन हजार वर्षांत पहिल्यांदा या भाषेतले स्वर नियमितपणे कागदावर उतरले. अरबीपुढे ती बोलीतून मागे पडली, पण इजिप्तच्या कॉप्टिक चर्चमध्ये तिची बोहैरिक बोली आजही उपासनेत ऐकू येते.

शिवाय ती एकसारखी नाही. साहिदिक, बोहैरिक, अख्मीमिक, फय्यूमिक अशा बोली आहेत आणि त्या एकमेकींपेक्षा वेगळे स्वर जपतात. ‘नाव’ हा शब्द साहिदिकात ‘रान’, अख्मीमिकात ‘रेन’, फय्यूमिकात ‘लेन’. ‘भाऊ’ हा साहिदिकात ‘सोन’, अख्मीमिकात ‘सान’. म्हणजे साहिदिकाचा ‘ओ’ जिथे अख्मीमिकात ‘आ’ आहे, तिथे जुना स्वर ‘अ’ होता. आणि साहिदिकाचा ‘आ’ जिथे अख्मीमिकात ‘ए’ आहे, तिथे जुना स्वर ‘इ’. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी शेजारी ठेवून जुनी मराठी शोधावी, तसं हे काम आहे.

५. कॉप्टिक तर रामसेसनंतर हजार-दीड हजार वर्षांनी आली. त्याच्या काळातला काही पुरावा आहे का?

आहे, आणि मला या सबंध विषयात सर्वांत जास्त आनंद देणारा पुरावा तोच आहे.

१८८७मध्ये अमार्ना इथे, म्हणजे राजा अखेनातेनच्या जुन्या राजधानीच्या जागी, मातीच्या पाट्या सापडल्या. आज सुमारे ३८० माहीत आहेत. इ.स.पू. चौदाव्या शतकात बाबिलोन, मितानी (उत्तर सीरियातलं राज्य), कनान इथल्या राजांनी आणि मांडलिकांनी फेअरोशी, म्हणजे इजिप्तच्या राजाशी केलेला हा पत्रव्यवहार, बहुतेक अक्कडियन या बाबिलोनकडच्या भाषेत. पत्र लिहिणाऱ्या परदेशी कारकुनाने इजिप्शियन नावं कानाला ऐकू आली तशी लिहिली.

तिसऱ्या आमेनहोतेपच्या राजनामाचे, म्हणजे राज्यावर बसताना घेतलेल्या नावाचे, तीन भाग आहेत: न्-ब्, मग सत्य-न्यायाची देवी माआत, मग रे. पुस्तकात आपण वाचतो ‘नेबमाआत्रे’. पाट्यांवर लिहिलंय ‘निब्मुआरेया’, कधी घाईत ‘निम्मुरेया’. ज्या देवीला आपण सगळे माआत म्हणतो तिचा उच्चार राजाच्या नावात ‘मुआ’सारखा होता! शेवटचा ‘त’ ऐकूच येत नव्हता (प्रश्न ७). आणि ‘नेब’ हा ‘निब’ होता, म्हणजे ‘निब्म’चं ‘निम्म’ होणं अगदी आपल्या बोलण्यासारखं आहे.

अखेनातेनचं राजनाम ‘नेफेरख़ेपेरुरे’ पाट्यांवर ‘नप्ख़ुरुरेया’ असं येतं. पुन्हा ‘नप’, म्हणजे ‘नफ’. नप्तेराच्या पत्राशी ते जुळतं, आणि ते पत्र तर शंभरेक वर्षांनी, वेगळ्या राजधानीत लिहिलं गेलं. दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता तेच सांगत असतील तर त्यांच्यावर विश्वास ठेवावा.

याच अमार्नात एक लहान पाटी आहे, इजिप्शियन शब्द कीलाक्षरांत आणि समोर अक्कडियन अर्थ. त्यात अंक आहेत. दहा म्हणजे ‘मूतु’. कॉप्टिकात दहा म्हणजे ‘मेत’. हा ‘ऊ’चा ‘ए’ कसा झाला, ते पुढच्या उत्तरात.

६. एका शब्दाचा जुना उच्चार शोधायचा तर प्रत्यक्षात काय करतात?

‘देव’ हा शब्द घेऊ. चित्रलिपीत न्-च्-र्, काठीला बांधलेल्या निशाणाच्या चित्राने लिहिलेला. पुस्तकी उच्चार ‘नेचेर’. कॉप्टिकमध्ये ‘नूते’.

आधी व्यंजनं जुळवायची. च् पुढे त् झाला. हे एकट्या याच शब्दात नव्हे, अनेक शब्दांत झालं. शेवटचा र् गळला. तेही इतर शब्दांत दिसतं. ‘सुंदर’ न्-फ्-र् कॉप्टिकात ‘नूफे’ आहे, तिथेही र् नाही.

आता ‘ऊ’. आमेनहोतेप या नावातला ‘होतेप’ अमार्ना पाट्यांवर ‘हत्पि’ आहे: ‘अमनहत्पि’. कॉप्टिक पंचांगात याच नावावरून पडलेला महिना साहिदिकात ‘परम्होत्प’ आहे. इजिप्तमध्ये तो आजही ‘बरमहात’ म्हणून चालतो. म्हणजे ‘अ’चा ‘ओ’ झाला. लांब ‘आ’चाही ‘ओ’ झाला, पण एका ठिकाणी तो आणखी पुढे गेला: आधी म् किंवा न् असेल तर ‘ऊ’पर्यंत. आमून देव पाट्यांवर ‘अमान’, कॉप्टिकात ‘आमून’. तोच नियम ‘नूते’ला लावा. न् नंतरचा ‘ऊ’ म्हणजे मुळातला ‘आ’. शब्द ‘नाच…र’ असा होता.

मधे दुसरा स्वर कोणता? कॉप्टिकमधला शेवटचा ‘ए’ हा आघात नसलेला, झिजलेला स्वर आहे. तो कशाचा उरला ते त्याच्याकडे पाहून कळत नाही. म्हणून कुणी ‘नाचर’ लिहितं, कुणी ‘नाचिर’. पहिला ‘आ’ भक्कम पुराव्याचा आहे, दुसरा स्वर समान घडणीच्या इतर शब्दांवरून धरलेला.

लांब ‘ऊ’ मात्र ‘ए’ झाला. ‘मूतु’चा ‘मेत’ त्यामुळे. देशाचं स्वतःचं नाव क्-म्-त्, ‘काळी भूमी’, पुस्तकात ‘केमेत’, कॉप्टिकात ‘केमे’. मूळ स्वर ‘ऊ’ धरला जातो, ‘कूम-’.

या पद्धतीची बैठक विसाव्या शतकात कुर्ट सेठे, गेरहार्ट फेश्त, युर्गेन ओसिंग अशा अभ्यासकांनी पक्की केली. तिचा कणा आघाताचा नियम आहे: आघात शब्दाच्या शेवटच्या किंवा त्याआधीच्या अक्षरावर पडतो, आघाताचं अक्षर उघडं असेल तर स्वर लांब, व्यंजनाने बंद असेल तर आखूड, बाकीचे स्वर झिजतात.

७. जेवढं लिहिलंय तेवढं सगळं बोलत तरी होते का?

नाही. स्त्रीलिंगी शब्दाच्या शेवटी त् लिहायची पद्धत शेवटपर्यंत टिकली, पण तो बोलण्यातून फार आधी गेला होता. वरचं ‘मुआ’ आणि ‘केमे’ हे त्याचेच दाखले.

मराठी वाचकाला हे वेगळं समजावून द्यायला नको. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची पुस्तकं काढून पाहा: ‘नांव’, ‘कांहीं’, ‘केलें’. या अनुस्वारांचा उच्चार लोकांनी केव्हाच सोडला होता, लेखणीने सोडला नव्हता. पण तेच अनुस्वार मराठीच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला जुने अनुनासिक उच्चार दाखवतात. इजिप्शियनमधला मूक ‘त्’ तसाच उपयोगी आहे.

८. गिधाड आणि हात, या दोन चिन्हांना सगळेच ‘आ’ म्हणतात. खरे उच्चार काय?

दोन्ही व्यंजनं आहेत, स्वर नव्हेत. हाताचं चिन्ह म्हणजे ऐन, अरबीत ‘अली’ किंवा ‘अरब’ या शब्दांच्या सुरुवातीला घसा आवळून काढतात तो ध्वनी. मराठीत तो नाही. अगदी जुन्या काळी या चिन्हाचा उच्चार ‘ड्’च्या जवळचा होता असं एक मत आहे, त्यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत.

गिधाडाची गोष्ट अधिक रंजक आहे. पुस्तकात तो ‘अलिफ’, म्हणजे क्षणभर श्वास अडवणं. पण मध्य राज्याच्या काळात (साधारण इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या सुरुवातीला) शत्रूंची नावं मातीच्या भांड्यांवर आणि मूर्तींवर लिहून ती फोडण्याचा विधी होता. त्या लेखांत कनानमधल्या अश्केलोन गावाच्या नावात ‘ल’च्या जागी हे गिधाड बसवलं आहे. म्हणजे तेव्हा त्याचा उच्चार र-ल यांच्या जवळपासचा होता. काही शतकांनंतर मेर्नेप्ताह या राजाच्या विजयस्तंभावर त्याच गावाच्या ‘ल’साठी र्-चं चिन्ह आहे, गिधाड तोवर मऊ होऊन गेलं होतं. एकच चिन्ह, पण कोणत्या शतकात वाचता त्यावर उत्तर बदलतं.

९. इजिप्शियनमध्ये ‘ल’ नव्हता का?

बोलण्यात होता, जुन्या लिपीत त्याचं वेगळं अक्षर नव्हतं. ‘जीभ’ हा शब्द न्-स् असा लिहितात, पण कॉप्टिकात तो ‘लास’ आहे, आणि अरबीत ‘लिसान’. न्, र्, गिधाड, जेव्हा ज्याने जमेल त्याने ‘ल’ची वेळ भागवली. आपल्याकडे संस्कृत व्याकरणात ‘रलयोरभेदः’ म्हणतात. इथे लिपीपुरता तो खरा होता.

१०. पिरॅमिड बांधणारे आणि क्लिओपात्राच्या काळातले लोक एकच भाषा बोलत होते ना?

एकाच भाषेच्या दोन टोकांना होते. मधे अडीच हजार वर्षं गेली. ज्ञानेश्वरीपासून आजपर्यंत जेवढा काळ गेला, त्याच्या तिपटीहून जास्त.

मोठ्या पिरॅमिडचा राजा ख़ुफू. हेरोडोटस त्याला ‘खेओप्स’ म्हणतो. दीड-दोन शतकांनी झालेला इजिप्शियन पुरोहित मानेथो ग्रीकमध्ये लिहिताना त्याच राजाला ‘सूफिस’ म्हणतो. चूक कुणाचीच नाही. जुना ख़् बऱ्याच शब्दांत पुढे श् झाला. मानेथोच्या वेळचे लोक ‘शूफू’सारखं बोलत असणार, आणि ग्रीकमध्ये श् नसल्याने तो स् लिहिला गेला. ‘ख़ुफूचा खरा उच्चार कोणता’ असं विचारताना ‘कोणत्या शतकातला’ हेही विचारावं लागतं.

११. ही भाषा कोणत्या कुळातली? संस्कृतशी नातं आहे का?

ती आफ्रो-आशियाई कुळातली. अरबी-हिब्रू-अक्कडियन ही सेमिटिक शाखा, उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर भाषा, सोमालीसारख्या कुशिटिक, हौसासारख्या चाडिक या तिच्या बहिणी. कॉप्टिक ‘लास’, अरबी ‘लिसान’, बर्बर ‘इलेस’ म्हणजे जीभ. मरणे म्हणजे इजिप्शियन म्-व्-त्, कॉप्टिक ‘मू’, हिब्रू ‘मूत’, अरबी ‘मात’. आपण मराठीत ‘मयत’ म्हणतो तो याच अरबी धातूपासून आलेला शब्द. म्हणजे ‘मयताला जाऊन आलो’ म्हणताना आपण इजिप्शियन शब्दाचा चुलतभाऊ उच्चारत असतो. ‘मृत्यू’ मात्र इंडो-युरोपियन आहे. त्याचं आणि याचं साम्य योगायोगाचं. त्यात र् आहे, आणि लॅटिनमध्येही ‘मोर्स’ म्हणून तो र् आहेच.

संस्कृतशी कुळाचं नातं नाही.

१२. ‘रामसेस’मध्ये राम आहे का? आणि अमार्ना पत्रांतला ‘दशरथ’?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. राम नाही. नावाची फोड ‘रा’ आणि ‘म्-स्-स्’ अशी आहे: ‘रे देवाने ज्याला जन्म दिला तो’. ‘म’ हा पुढच्या क्रियापदाचा आहे, ‘रा’चा नाही. शिवाय ‘रा’मध्ये ऐन आहे आणि रामसेसच्या काळातला स्वर ‘आ’ नव्हता. हित्तींच्या राजधानीत सापडलेल्या पत्रांत दुसऱ्या रामसेसचं नाव ‘रिआमशेशा’ असं आहे. ‘रा’ म्हणजे ‘रिअ’, कॉप्टिक ‘रे’. थुटमोस हे राजाचं नावही असंच: थोथ देवापासून जन्मलेला.

लोक ज्याला ‘दशरथ’ समजतात त्या तुश्रत्तची गोष्ट वेगळी आहे आणि ती खरी आहे. हा मितानीचा राजा. त्याची फेअरोला लिहिलेली पत्रं अमार्नात आहेत. मितानीचं राजघराणं हुरियन भाषा वापरत होतं, पण त्यांच्या करारात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य या देवांची साक्ष आहे. तुश्रत्त हे नाव अभ्यासक वेदातल्या ‘त्वेषरथ’ या शब्दाशी जोडतात, ज्याचा रथ वेगाने उसळतो तो. ‘दशरथ’शी नव्हे, कारण पहिल्या अक्षराचे ध्वनी जुळत नाहीत. इतकं मोठं खरं साम्य समोर असताना रामसेसमध्ये राम शोधायची गरज वाटू नये.

१३. नाईल म्हणजे आपला ‘नील’ ना?

इजिप्शियन लोक नदीला नुसतं ‘नदी’ म्हणत: य्-त्-र्-व्, कॉप्टिक ‘योओर’. ‘नाईल’ हे ग्रीक ‘नेइलोस’वरून आलं आणि त्या ग्रीक शब्दाचं मूळ ठरलेलं नाही. संस्कृत ‘नील’ तिथवर कसा पोचला याची एकही पायरी दाखवता येत नाही.

या समजुतीला एक इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी काशीत राहणाऱ्या फ्रान्सिस विल्फर्ड या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने पुराणांत इजिप्तचं आणि नाईलचं वर्णन सापडल्याचा मोठा निबंध कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापला. पुढे लक्षात आलं, की त्याच्या पदरच्या पंडिताने त्याला हवे तसे श्लोक आणि शब्द हस्तलिखितांत घुसवले होते. १८०५मध्ये विल्फर्डने हे स्वतः छापून कबूल केलं. कबुली मागे पडली, निबंध फिरत राहिला. नाईलचा उगम शोधणाऱ्या स्पीकने १८६३च्या आपल्या पुस्तकातही त्याचा नकाशा वापरला. आजही जे मजकूर पुढे ढकलले जातात त्यांत त्याच निबंधाचे तुकडे ओळखू येतात.

१४. मराठीत इजिप्शियन मुळाचे शब्द आहेत का?

थोडे आहेत, आणि लांबचा प्रवास करून आलेले.

‘आबनूस’ हा सर्वांत पक्का. इजिप्शियन ह्-ब्-न्-य्, काळं लाकूड, दक्षिणेकडून येणारं. बहुधा शब्दही तिकडचाच. ग्रीक ‘एबेनोस’, मग अरबी-फारसी ‘आबनूस’, मग आपल्याकडे. इंग्रजीतलं ‘एबनी’ त्याच ग्रीक शब्दाचं.

‘किमया’ वादात आहे. अरबी ‘कीमिया’ ग्रीकवरून आला, इथवर खात्री. तो ग्रीक शब्द ‘ख़ेमिया’, म्हणजे इजिप्तच्या ‘केमे’ या नावावरून, की धातू ओतण्याच्या ‘ख़िमा’ या शब्दावरून, यावर एकमत नाही. मला दुसरी बाजू थोडी जड वाटते, तरी पहिली फेकून देण्यासारखी नाही.

शाळेत सोडियमची खूण ‘नॅट्रियम’वरून Na, हे पाठ केलंत ना? ममी सुकवायला वापरत त्या क्षाराचं नाव न्-च्-र्-य्. ग्रीक ‘नित्रोन’, अरबी ‘नत्रून’, तिथून ते नवं लॅटिन नाव. रंगाच्या डबीतला ‘गम’ हाही ग्रीक ‘कोम्मी’मार्गे इजिप्शियन क्-म्-य्-त्.

मराठी बायबलातला ‘फारो’ म्हणजे प्र्-आ, ‘मोठं घर’, राजवाड्यावरून राजाला पडलेलं नाव. त्याचा कॉप्टिकमध्ये एक सुंदर गोंधळ झाला. तिथे पुल्लिंगी नामाच्या आधी ‘प’ हे उपपद लागतं. लोकांनी ‘प्र्रो’मधला प तोच समजून काढून टाकला, आणि राजा झाला ‘र्रो’. अलेक्झांडरच्या ‘अल’ला अरबांनी आपलं उपपद समजावं आणि उरलेल्यातून आपल्यापर्यंत ‘सिकंदर’ यावा, तसंच हे.

१५. आणि इजिप्शियन वाटतात पण नाहीत असे?

‘ममी’ इजिप्शियन नाही. अरबी ‘मूमिया’ म्हणजे डांबरासारखा पदार्थ, त्यामागे फारसी ‘मूम’, मेण. हिंदीतली ‘मोमबत्ती’ त्यातलीच. ‘पिरॅमिड’ ग्रीक, इजिप्शियन शब्द म्-र्. इंग्रजी ‘डेझर्ट’ आणि इजिप्शियन द्-श्-र्-त्, ‘लाल भूमी’, म्हणजे वाळवंट, यांचं साम्य थक्क करणारं आहे, पण इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या ‘सोडून दिलेलं’ अशा अर्थाच्या रूपापासून पायरी-पायरीने दाखवता येतो. ‘पपायरस’साठी ‘राजाचं ते’ अशा अर्थाचं इजिप्शियन रूप सांगितलं जातं. मात्र ते रूप कुठल्याही लेखात मिळालेलं नाही.

१६. मोशेचं नाव इजिप्शियन आहे असं वाचलं. नक्की का?

बहुतेक अभ्यासक ‘म्-स्’, जन्मलेला, याच्याशी ते जोडतात, रामसेस आणि थुटमोस यांच्या शेवटी आहे तोच शब्द. पण एक अडचण आहे. हिब्रू बायबलात ‘रामसेस’ लिहिताना स् येतो, ‘मोशे’मध्ये मात्र श्. एकच इजिप्शियन ध्वनी दोन तऱ्हांनी का आला? उत्तर बहुधा काळात आहे: रामसेसच्या काळच्या कीलाक्षरी ‘रिआमशेशा’मध्येही श् आहे, म्हणजे जुन्या उसनवारीत श् आणि नंतरच्या उसनवारीत स्. हे पटण्यासारखं आहे. तरी ही व्युत्पत्ती ‘आबनूस’इतकी पक्की समजू नये.

१७. मग कुणी सबंध इजिप्शियन वाक्य अस्सल उच्चारात बोलून दाखवू शकेल का?

नव्या राज्याच्या, म्हणजे अखेनातेन-रामसेस यांच्या काळातलं एखादं छोटं वाक्य, कॉप्टिकपर्यंत टिकलेले शब्द निवडून, बऱ्यापैकी जवळ जाईल असं बोलता येतं. जे शब्द कॉप्टिकच्या आधीच मेले आणि परदेशी लिपीतही आले नाहीत, त्यांचे स्वर फक्त घडणीच्या साम्यावरून धरावे लागतात. आघात नसलेले स्वर तर बहुतेक ठिकाणी अंदाजाचेच. पिरॅमिडांतल्या मंत्रांचा काळ आणखी हजार वर्षं मागचा, तिथे हात अधिक रिकामे. बोलण्याचा हेल, लय, राग आल्यावर आवाज कसा चढायचा, यातलं काहीच लिहिलं गेलं नाही.

अभ्यासक अशा पुनर्रचित रूपाआधी ताऱ्याची खूण करतात. ती खूण गाळून दिलेला ‘अस्सल उच्चार’ कुठे वाचलात, तर प्रत्येक स्वराला साक्षीदार कोण, एवढं विचारा.

१८. मराठीत लिहिताना तुतनखामेन लिहू की तुतनखामून?

दोन्ही चालतात आणि दोन्ही त्याच्या काळचे नाहीत. ‘आमेन’मधला ‘ए’ हा संकेताचा भरणा आहे (प्रश्न २). ‘आमून’मधला ‘ऊ’ कॉप्टिकमध्ये दिसतो (प्रश्न ६). त्याच्या काळात देवाचं नाव ‘अमान’च्या जवळ होतं. चित्रलिपीत तर आमूनचं नाव सगळ्यात आधी येतं, तुत आणि आन्ख़ नंतर. देवाला मान म्हणून लिहिताना पुढे बसवायचे, वाचताना जागेवर न्यायचे. मी ‘तुतनखामून’ लिहितो, कारण ‘ऊ’ निदान कुणा इजिप्शियनच्या तोंडातून आलेला आहे.

त्याचं राजनाम ‘नेबख़ेपेरुरे’. हित्ती राजा शुप्पिलुलियुमाच्या वृत्तांतात एका मृत फेअरोचं नाव ‘निब्खुरुरिया’ असं दिलं आहे, त्याच्या विधवेने ‘मला नवरा म्हणून तुझा एक मुलगा पाठव’ असं लिहिल्याच्या प्रसंगात. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा फेअरो म्हणजे तोच. तसं असेल, तर ते पत्र वाचून दाखवणाऱ्या हित्ती कारकुनाच्या तोंडचं त्याचं नाव आपल्यापाशी आहे.